आउटपुट कुणाच्या हातात

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा, उन्हाळ्याच्या दिवसांत, आपल्याकडं सकाळचे साडेआठ झालेले असतात. तिकडच्या विमा कंपन्या आणि बँका दिवसाचे व्यवहार बंद करतात आणि मेनफ्रेमवर बॅच सुरू होते. हप्ते जमा करायचे, व्याज लावायचं, ग्राहकांना जाणारी पत्रं काढायची, खात्यांचा ताळा घालायचा, अशी कामं एकामागून एक, माणसाचा हात न लागता चालतात. साताऱ्यात शाहूपुरीतल्या एका घरात त्या वेळी चहाचा दुसरा फेरा झालेला असतो, आणि त्या घरातली सून आतल्या खोलीत लॅपटॉपवर त्या बॅचकडं डोळे लावून बसलेली असते.

तिचं माहेर सांगलीचं, विश्रामबागेतलं. वालचंद कॉलेजातून ती इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि प्रशिक्षण संपल्यावर वाट्याला आलं कोबॉल आणि जेसीएल. बरोबरीच्यांना जावा मिळालं याचं तेव्हा वाईट वाटलं होतं. ते फार दिवस टिकलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्यातलं भाड्याचं घर सोडून ती सासरी साताऱ्याला आली. पुढच्याच महिन्यात न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी बेकारभत्त्याच्या जुन्या यंत्रणेवर भार आल्याचं सांगत कोबॉल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. ती बातमी साताऱ्यातल्या त्या खोलीतही वाचली गेली. ज्या यंत्रावर ती रोज काम करते तो मेनफ्रेम तिनं डोळ्यांनी कधीच पाहिलेला नाही. तिला दिसतं ते त्याचं आउटपुट, आणि गेली कित्येक वर्षं तिच्या कामाचा सगळा जीव त्या आउटपुटमध्ये अडकलेला आहे.

बॅचचं काम न केलेल्या माणसाला हे पटकन उमगत नाही. मोबाइलवरचं अॅप बिघडलं तर समोर दिसतं. बॅच जॉबला समोर कुणी नसतंच. तो काय करून गेला हे त्यानं कुठं तरी लिहून ठेवलं तरच कळतं, आणि ते कुठं लिहायचं हे त्याला आधी सांगून ठेवावं लागतं.

हे सांगण्याची भाषा म्हणजे जेसीएल. आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम ३६० जाहीर केली. तिच्याबरोबर आलेली ही जॉब कंट्रोल लँग्वेज आजही चालते, आणि तिची तीन मुख्य वाक्यंही तीच आहेत: जॉब, एक्सेक आणि डीडी. यातलं डीडी हे खरं कामाचं. कोबॉल प्रोग्रॅमला फाइलचा ठावठिकाणा माहीत नसतो. त्याच्या पोटात फक्त एक नाव असतं, जास्तीत जास्त आठ अक्षरांचं. त्या नावाचा अर्थ डिस्कवरचा डेटासेट, प्रिंटरची रांग की काहीच नाही, हे जेसीएल लिहिणारा ठरवतो. प्रोग्रॅम पाकीट भरतो, पत्ता डीडीवर असतो. तोच प्रोग्रॅम टेस्टिंगला एका ठिकाणी लिहितो, प्रॉडक्शनला दुसऱ्या, आणि त्याच्यातली एक ओळही बदलावी लागत नाही.

सिस्टिम ३६० चं काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं त्या फ्रेड ब्रुक्स यांनीच पुढं जेसीएलला सर्वांत वाईट प्रोग्रॅमिंग भाषा ठरवलं. भाषेच्या रूपाबद्दल त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे. एक स्वल्पविराम जास्त पडला किंवा पुढच्या ओळीवर नेलेला मजकूर चौथ्या ते सोळाव्या रकान्यात सुरू झाला नाही, की जॉब चालण्याआधीच परत येतो. पण आउटपुटच्या बाबतीत ही कटकटी भाषा लिहिणाऱ्याला एक प्रश्न चुकवू देत नाही: हे कुठं जाणार? ज्या डीडीची प्रोग्रॅमला गरज आहे तोच लिहायचा राहिला तर आयईसी१३०आय असा क्रमांक असलेला मेसेज येतो, अमुक डीडी स्टेटमेंट नाही म्हणून. तिच्या मते ही जेसीएलची सर्वांत चांगली सवय आहे.

अडचण सुरू होते ती युटिलिटींपासून, म्हणजे नेहमीच्या कामांच्या तयार प्रोग्रॅमांपासून, कारण प्रत्येकीची बोलायची जागा वेगळी. आयडीकॅम्स आणि आयईबीजेनर आपलं म्हणणं सिसप्रिंटवर लिहितात. सॉर्ट लिहितो सिसआउटवर. डीबी२ चे प्रोग्रॅम ज्याच्या आधारानं चालवतात तो आयकेजेईएफटी०१ लिहितो सिसटीएसपीआरटीवर. आइसटूलला दोन डीडी लागतात: टूलएमएसजीवर त्याचे स्वतःचे मेसेज, डीएफएसएमएसजीवर त्यानं आतून बोलावलेल्या सॉर्टचे. आणि कोबॉलमधलं डिस्प्ले हे वाक्य, वेगळं काही सांगितलं नसेल तर, सिसआउट नावाच्या डीडीवरच जातं. म्हणजे ज्या कोबॉल प्रोग्रॅमच्या आत सॉर्ट आहे, तिथं दोघंही एकाच जागी लिहायला बसतात.

असा एक जॉब तिच्याकडं आला होता. महिन्याच्या हप्त्यांची फाइल वाचायची, पॉलिसी क्रमांकानं लावायची, नाकारलेल्या नोंदी वेगळ्या काढायच्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं चांगली काळजी घेतली होती. शेवटी किती वाचल्या, किती घेतल्या, किती नाकारल्या, असे तीन आकडे डिस्प्ले होत. पण सिसआउट उघडला की आधी सॉर्टचे आयसीईनं सुरू होणारे मेसेज: पर्याय कोणते लागू झाले, किती मेमरी घेतली, आयसीई०५४आयमध्ये आत किती आणि बाहेर किती. त्यांच्या मध्येच कुठं तरी त्या तीन ओळी. पहाटे फोनवर जागा झालेला माणूस नाकारलेल्या नोंदींचा आकडा शोधायला जायचा आणि सॉर्टचा आकडा वाचून परत यायचा. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असायचे, म्हणून घोटाळा लवकर लक्षातही यायचा नाही.

दुरुस्ती एक-दोन ओळींची होती. कोबॉलमध्ये सॉर्ट-मेसेज नावाचं एक राखीव रजिस्टर असतं. सॉर्टनं आपले मेसेज कुठल्या डीडीवर लिहायचे ते त्यात असतं, आणि सुरुवातीला तिथं सिसआउट हेच नाव असतं. सॉर्टचं वाक्य येण्याआधी तिनं त्यात दुसरं नाव घातलं आणि जेसीएलमध्ये त्या नावाचा डीडी वाढवला. त्या दिवसापासून सिसआउट उघडला की तीन ओळी दिसतात. सॉर्टचं सगळं जिथल्या तिथं आहे. ज्याला लागेल तो शेजारच्या डीडीत जाऊन पाहतो. एवढ्याशा बदलावर तिला ग्राहकाच्या माणसाकडून जेवढे आभार मिळाले, तेवढे मोठमोठ्या कामांवरही मिळाले नाहीत.

घरात या कामाची पारख असलेलं एक माणूस आहे. तिचे सासरे सत्तरच्या दशकात मुंबईत एका कंपनीच्या हिशेब खात्यात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. यंत्र आयबीएम १४०१, छापायला १४०३ लाइन प्रिंटर. व्यापारी कामासाठी १४०१ मुंबईत पहिल्यांदा आलं १९६१ साली, एस्सो या तेल कंपनीकडं. पुढं बऱ्याच ठिकाणी ते बसलं आणि अमेरिकेत मागं पडल्यावरही आपल्याकडं चालत राहिलं. १९७८ साली आयबीएमनं भारतातला गाशा गुंडाळला आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडं आली. नवी यंत्रणा सुरू झाली तेव्हा रात्रपाळी सोडून सासरे दुसऱ्या खात्यात गेले, पण कागदाचा तो आवाज त्यांना अजून सांगता येतो.

एकदा तिनं त्यांना जवळ बोलावून पडद्यावरचा एक रिपोर्ट दाखवला.

“बाबा, हा पहिल्या रकान्यातला एक पाहा. रिपोर्टचा भाग नाही, पण प्रत्येक पानाच्या सुरुवातीला आहे.”

“अगं, तो चॅनेल एक,” ते चष्मा वर करत म्हणाले. “प्रिंटरच्या आत कागदी पट्टी असायची, दोन्ही टोकं चिकटवून गोल केलेली. बारा चॅनेल. पहिल्या चॅनेलवर भोक पाडायचं ते पानाच्या माथ्याला. एक आला की कागद सरसर जाऊन तिथं थांबणार. फॉर्मची लांबी बदलली आणि पट्टी जुनीच राहिली, तर पगारपत्रकातले आकडे भलत्याच ओळीवर.”

तो एक आजही जागेवर आहे. ज्या डेटासेटच्या वर्णनात एफबीए असतं, त्यातला ए हेच सांगतो की पहिलं अक्षर छपाईच्या हुकमाचं. एक म्हणजे नवं पान, मोकळी जागा म्हणजे पुढची ओळ, शून्य म्हणजे एक ओळ सोडून, वजा म्हणजे दोन ओळी सोडून, अधिक म्हणजे त्याच ओळीवर पुन्हा छापा. १३२ अक्षरांची छापील ओळ म्हणूनच १३३ लांबीच्या नोंदीत बसते. आयईबीजेनरचा सिसप्रिंट १२१ चा असतो, तेही १२० अधिक एक. नव्या मुलांना हे आकडे पाठ करायला सांगतात. कागदी पट्टी कळली की पाठ करावे लागत नाहीत.

सासऱ्यांच्या बोलण्यातली दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात जास्त घर करून बसली. छापून झालेले गठ्ठे, कार्बन काढून, प्रती वेगळ्या करून, भिंतीतल्या खणांत ठेवणं हे पहाटेचं काम. खणावर खात्याचं नाव. “गठ्ठा कुणाचा ते मला माहीत असायचं,” ते म्हणतात. “अकौंट्सचे साहेब पहिलं पान बघायचे, वसुलीवाले शेवटचं. म्हणून मी वसुलीचा गठ्ठा उलटा ठेवायचो.” तिच्या पिढीत खण गेले आणि गठ्ठेही गेले. वाचणारा मात्र गेलेला नाही. तो कुठल्या पानावर जाणार, हे ठरवण्याचं काम ऑपरेटरच्या हातातून जेसीएल लिहिणाऱ्याच्या हातात आलं, आणि ते आपल्याकडं आलेलं आहे हेच पुष्कळांच्या लक्षात राहिलं नाही. ती हे फार कळकळीनं सांगते.

खणांच्या जागी आले सिसआउटचे क्लास. ए ते झेड आणि शून्य ते नऊ, असे छत्तीस. कुठल्या क्लासला साधा कागद, कुठल्याला चेकचा, कुठला नुसता धरून ठेवायचा, हे ज्या त्या सेंटरनं ठरवायचं. बरोबरच्या चिन्हापुढं तारा लिहिला की जॉबच्या एमएसजीक्लासमध्ये जे अक्षर आहे तोच क्लास. मधल्या काळात हे सगळं जिथं साठून राहतं ते स्पूल. ते सांभाळणारी जेईएस२ ही यंत्रणा साठच्या दशकात ह्यूस्टनला नासाच्या केंद्रात काम करणाऱ्या आयबीएमच्या लोकांनी लिहिलेल्या हॅस्पमधून निघाली. त्यातला एच ह्यूस्टनचाच. साताऱ्यात ती रोज सकाळी जॉब सुरू झाल्याची ओळ पाहते, तीत डॉलरचं चिन्ह, हॅस्प आणि ३७३ असतं. संपल्याच्या ओळीत ३९५.

स्पूलला तळ असतो. कुणी चाचणीसाठी घातलेलं डिस्प्ले काढायला विसरला आणि तो प्रोग्रॅम लाखो नोंदींवर चालला, तर तेवढ्याच ओळी स्पूलमध्ये जातात. मर्यादा घातलेली असेल तर जॉब एस७२२नं पडतो. घातलेली नसेल तर हॅस्प०५० येतो, जेईएस२ला जागा कमी पडतेय म्हणून, आणि मग इतरांचेही जॉब अडकतात. म्हणून कुणी कधी दुसऱ्या टोकाला जातं आणि सिसप्रिंटपुढं डमी लिहून टाकतं. डमी म्हणजे प्रोग्रॅमनं लिहायचं आणि ते कुठंच जायचं नाही. जॉब चालतो, जागा लागत नाही, तक्रार येत नाही.

तिनं हाताळलेलं सर्वांत वाईट प्रकरण अशाच एका डमीचं आहे. पॉलिसी बंद पडण्याआधी ग्राहकाला इशाऱ्याचं पत्र जायला हवं. पत्रांची साधी फाइल आयडीकॅम्सच्या रेप्रोनं छपाईच्या फाइलमध्ये उतरायची. एका सुट्टीच्या दिवशी आधीच्या जॉबनं फाइल रिकामीच तयार केली. रेप्रोनं रिकामी फाइल नीट उतरवली आणि रिटर्न कोड दिला शून्य. त्यानं आपलं म्हणणंही लिहिलं होतं: आयडीसी०००५आय, प्रोसेस झालेल्या नोंदींची संख्या ०. पण काही वर्षांपूर्वी कुणी तरी सिसप्रिंट डमी करून ठेवला होता. शेड्युलरवर सगळं हिरवं दिसलं. पत्रं गेली नाहीत हे कळलं ते ग्राहकांचे फोन येऊ लागल्यावर. कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून पुढची सगळी मुदत हातानं वाढवावी लागली, आणि ते काम कितीतरी लोकांनी कितीतरी दिवस केलं.

तिनं डमी काढला. तेवढ्यानं भागत नव्हतं, कारण रोज सकाळी शून्य आहे का ते पाहायला कुणी तरी बसलं पाहिजे. मग रेप्रोच्या आधी आइसटूलची एक स्टेप आली: काउंट, त्यापुढं एम्प्टी. फाइल रिकामी असली की रिटर्न कोड १२, आणि जॉब तिथंच थांबणार. तिचं ठाम मत असं की ज्या ओळीवर कुणाला तरी काही करावं लागणार आहे, ती ओळ नुसती छापून सोडणं पुरेसं नाही. त्या ओळीनं माणसाला जाऊन गाठलं पाहिजे.

डीडीवरच्या डिस्पमधली तिसरी जागा हीही तिच्या नजरेतून सुटत नाही. नव्या डेटासेटसाठी सगळे सवयीनं न्यू, कॅटलॉग, डिलीट असं लिहितात. पहिला शब्द फाइलची आत्ताची अवस्था, दुसरा स्टेप नीट संपली तर काय, तिसरा अबेंड झाली, म्हणजे मध्येच पडली, तर काय. डेटाच्या फाइलला हे ठीक आहे. अर्धवट डेटा राहण्यापेक्षा गेलेला बरा. पण मेसेजच्या डेटासेटलाही तेच डिलीट लागलं, तर ज्या दिवशी स्टेप पडते त्याच दिवशी का पडली ते लिहिलेला कागद पुसला जातो. एस०सी७ झालाय, आकड्याच्या जागी भलतंच काही आलंय, कुठल्या नोंदीवर ते प्रोग्रॅमनं लिहिलंही होतं, आणि ते वाचायला काही उरलेलं नाही. मेसेजच्या डेटासेटला तिसऱ्या जागीही कॅटलॉग लिहा, हे ती नव्या प्रत्येकाला सांगते. एकदा नाही, जेसीएल तपासायला येईल तितक्या वेळा.

जुलै २०२१ मध्ये ती माहेरी होती. सांगलीकरांच्या मनात २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ताजा होता, आणि कृष्णा पुन्हा चढू लागली तसे सगळे आयर्विन पुलावरच्या पातळीचे आकडे एकमेकांना विचारत होते. विश्रामबागेत घरात पाणी आलं नाही, पण वीज गेली, मग मोबाइलची रेंज गेली. त्या सकाळच्या बॅचची जबाबदारी तिची होती.

त्या जॉबच्या शेवटी तिनं आधीच एक छोटी स्टेप बसवून ठेवली होती. आयईबीजेनर, सिसयूटी१ला मजकूर, सिसयूटी२ला सिसआउट, बी आणि एसएमटीपी. या रस्त्यानं गेलेलं आउटपुट प्रिंटरकडं न जाता ईमेल होतं. मजकुराच्या वर कुणाकडून, कुणाला, विषय काय, एवढ्या ओळी लिहाव्या लागतात. स्टेपवर कंड बरोबर ईव्हन होतं, म्हणजे आधीची स्टेप अबेंड झाली तरी ही चालणारच. त्या दिवशी मधली एक स्टेप बी३७नं पडली, फाइलला दिलेली जागा पुरली नाही. मेल गेला तो एकट्या तिला नव्हे, गटातल्या सगळ्यांना. कराडला तिचा सहकारी होता, त्याच्याकडं वीज होती. मेलमध्ये स्टेपचं नाव, डीडीचं नाव आणि तोवर लिहिलेल्या नोंदींचा आकडा होता. त्यानं जागा वाढवली, त्या स्टेपपासून जॉब पुन्हा सुरू केला. सुरू करण्याआधी त्यानं पाहिलं की आउटपुटला डिस्पमध्ये मॉड आहे का, कारण मॉड असेल तर नव्या नोंदी जुन्यांच्या खाली जोडल्या जातात आणि अर्धे हप्ते दोनदा पडतात. नव्हतं. दुपारी सांगलीत रेंज आली तेव्हा तिच्या फोनवर जॉब संपल्याचा मेल पोचला.

आता ती नव्यांना शिकवते. आठवड्यातून एक संध्याकाळ, ऑनलाइन. कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची, साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजची, वालचंदची मुलं-मुली असतात. लिनक्सवर वाढलेली ही पिढी. एकीनं विचारलं, “ताई, आमच्याकडं स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर, दोनच. इथं एवढी नावं कशाला?” तिनं उत्तराआधी त्यांना एक जॉब दिला. एका फाइलमधून सॉर्टच्या आउटफिलनं एकाच वाचनात तीन फाइली काढायच्या: पुण्याच्या शाखेची, मुंबईची, आणि सेव्ह लिहून, दोन्हींत न बसलेल्या नोंदींची. तिसरी फाइल उघडल्यावर त्यात शाखेचा कोड चुकलेल्या नोंदी निघाल्या. ती मुलगी म्हणाली, या तर मी पाहिल्याच नसत्या. मग प्रत्येकानं आपल्या जेसीएलमध्ये प्रत्येक डीडीच्या वर, दोन तिरप्या रेघा आणि तारा देऊन, एक ओळ लिहायची: हे कोण वाचणार. लिहिता आलं नाही तर तिला विचारायचं.

हाच प्रश्न ती सध्या स्वतःच्या कामातही विचारत फिरते आहे. एका जुन्या प्रॉकमधले, म्हणजे तयार करून ठेवलेल्या जेसीएलमधले, सगळे डीडी तपासून नको असलेले काढायचे आहेत. बहुतेकांचा मालक सापडला. एका रिपोर्टचा सापडेना. रोज शेकडो पानं, क्लास असा की कुठल्याही प्रिंटरला जात नाही, स्पूलमध्ये पडून राहतो आणि ठरलेल्या दिवसांनी पुसला जातो. काढून टाका, असं दोघांनी सांगितलं. तिनं तरीही ग्राहकाकडच्या तीन विभागांना लिहून विचारलं. दोन विभागांकडून ‘नाही’ असं उत्तर आलं. तिसऱ्या विभागातून हिशेब पाहणाऱ्या एका बाईंचं उत्तर आलं: त्या तो रिपोर्ट तिमाहीच्या शेवटच्या दिवशी उघडतात, थेट शेवटच्या पानावर जातात आणि एकूण रकमेची ओळ उतरवून घेतात. पुसला जाण्याआधी पाहायचा म्हणून त्या दिवशी त्या रजा घेत नाहीत.

आता त्या जॉबमध्ये आउटफिलची आणखी एक फाइल निघते. तीत फक्त एकूण रकमेची ओळ असते, ती जीडीजीच्या, म्हणजे एकाच नावाखाली पिढ्यांनी साठत जाणाऱ्या फाइलींच्या, नव्या पिढीत साठवली जाते आणि तिमाहीच्या अखेरीस मेलनं जाते. मोठा रिपोर्ट तिनं अजून बंद केलेला नाही. पुढच्या तिमाहीचा मेल त्या बाईंना नीट मिळाला, की मग करायचा आहे.